डावं चाक दादाचं, उजवं धाकट्याचं

मी मधला बोलतोय. लगेच कुणा भावाबहिणीची कहाणी समजू नका. माणसांमधली मधली वेगळी, आणि तीही या गोष्टीत यायची आहे. मी म्हणजे एका मालवाहू गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसलेला लोखंडी गोळा. पोटात दातेरी चाकं आणि दाट तेल, डोक्यावर पत्रा, पत्र्यावर धुतलेल्या कपड्यांची गाठोडी. कागदोपत्री माझं नाव डिफरन्शियल. ते उच्चारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून आमच्या मिस्त्रीने मला सुटसुटीत नाव दिलं, मधला. मला तेच आवडतं.

तुम्ही मला पाहिलेलं नसणार. चाकं उभ्या माणसाला दिसतात, दिवे दिसतात, आरशात तर माणूस मागचा रस्ता सोडून आधी स्वतःलाच बघतो. मला बघायचं तर वाकावं लागतं, आणि नीट बघायचं तर जमिनीला पाठ टेकावी लागते. त्यात कपडे मळतात. ज्यांचा धंदाच कपडे धुण्याचा, त्यांना तर हे अगदीच नको असतं.

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडी वळली की बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो आणि आतल्याला जवळचा. दोघांनी सारखंच फिरायचा हट्ट धरला तर त्यातलं एक फरफटत जाईल. मग मी मध्ये पडतो. आतल्याला म्हणतो, तू जरा सावकाश घे. बाहेरच्याला म्हणतो, तू हो पुढे. माझ्या पोटात एका आडव्या दांडीवर दोन छोटी चाकं बसवलेली आहेत, ही सगळी समजूत तीच घालतात. रस्ता सरळ लागला की दोन्ही बाजू सारख्या चालतात, माझी छोटी चाकं गप्प बसतात आणि आम्ही सगळे एकगठ्ठा फिरत राहतो. सरळ रस्ता ही माझी विश्रांती. तिच्यावरच माझं आयुष्य निघतं.

जन्म कारखान्यातला. वितळलेल्या लोखंडाच्या धगीतून बाहेर आलो, कापला गेलो, घासला गेलो. माझ्या पोटातलं मोठं चाक आणि त्याला फिरवणारं लहान चाक यांना तिथे एकमेकांवर घासून घासून जुळवलं, आणि जुळल्यावर दोघांवर एकच आकडा ठोकला. हा आकडा त्या आकड्याशिवाय कुठे बसवायचा नाही, अशी कारखान्याची रीत. जोडी म्हणजे काय ते आमच्यात असं जन्मतःच ठोकून सांगितलेलं असतं. माणसांना कुणी ठोकून सांगत नाही, त्यामुळे त्यांचे घोळ होतात.

गाडी घेतली ती लाँड्रीवाल्या बाबांनी. आयुष्यभर लोकांच्या चादरी, टॉवेल आणि पांढरे कोट धुतलेला माणूस, बोटांची कातडी कायम सुरकुतलेली. दूरची खेप करून आले की ते गाडीमागे वाकत आणि पालथा हात माझ्या अंगाला लावत. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात, अगदी तसा. "गार आहे," म्हणत आणि मग चहा प्यायला जात. त्यांच्या तीन मुलांपैकी मधली मुलगी त्यांच्या शेजारी वाकायची आणि आपलाही हात लावून बघायची. थोरला लांब उभा राहून चाकाला लाथ मारायचा, कारण मोठी माणसं तसं करताना त्याने पाहिलं होतं. धाकट्याला हॉर्न वाजवण्यापलीकडे गाडीत रस नव्हता.

बाबांनी माझ्या तेलाची कधी हयगय केली नाही. गाडी मिस्त्रीकडे नेली की पहिला प्रश्न, मधल्याला तेल पाजायची वेळ झाली का. मिस्त्री बोलका. तो माझ्याशीही बोलायचा, बुचाशीही बोलायचा आणि हाताला पान्याचा धक्का बसला तर पान्याशी भांडायचाही.

बाबा गेले तेव्हा मुलं मोठी झाली होती. धंदा चांगला चालला होता. रुग्णालयाच्या चादरी होत्या, हॉटेलांचे टॉवेल होते, रोजची इस्त्री होती. थोरला दादा भट्टी आणि मशिनं बघे, धाकटा गिऱ्हाइकं धरी. मधली, म्हणजे ताई, मोजणी, घड्या, खुणा आणि या दोघांनी केलेले गोंधळ निस्तरणं, एवढं सगळं बघे. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर हसून म्हणे, घरात दोन आहेत तेवढे पुरेत.

मग झालं ते टॉवेलांवरून. धाकट्याने एका नव्या हॉटेलाला शब्द दिला होता की टॉवेल मऊसूत येतील. दादाने बाबांच्या शिरस्त्याप्रमाणे सगळ्या पांढऱ्या कपड्यांना खळ घातली, टॉवेलांनाही. ते टॉवेल हॉटेलात पोचले तेव्हा पुठ्ठ्यासारखे भिंतीला टेकून उभे राहत होते म्हणे. अंग पुसायला गेलेल्या पाहुण्याचं अंग खरवडून निघालं आणि हॉटेलने काम काढून घेतलं. धाकटा सगळ्या कामगारांसमोर दादाला म्हणाला, तुला कपड्यांतलं काही कळत नाही. दादा म्हणाला, तुला माणसांतलं काही कळत नाही. त्या दिवसापासून दोघांचा अबोला.

एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, एकाच गाडीने खेपा करून अबोला पाळायचा, तर मध्ये कुणीतरी लागतं. ते काम आपोआप ताईकडे आलं. दादा म्हणे, त्या दीडशहाण्याला सांग, गाडी वेळेवर आणायची असते. दीडशहाणा तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभा असे. ताई त्याच्याकडे वळून म्हणे, बारक्या, दादा म्हणतोय गाडी जरा लवकर आली तर बरं पडेल. धाकटा म्हणे, त्याला म्हणावं आधी मशिनला वेळेत उठव. ताई दादाला सांगे, तो म्हणतोय, कपडे लवकर निघाले तर तोही लवकर निघेल. एवढी धार तिने मधल्यामध्ये बोथट केली नसती तर घरातली भांडी शिल्लक राहिली नसती. मी पत्र्याखालून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बाई, तू माझ्याच जातीची.

आईला या सगळ्याचा वीट आला. बाकी सगळ्याची वाटणी झाली. इकडच्या खोल्या याच्या, तिकडच्या त्याच्या, ही मशिनं याची, ती गिऱ्हाइकं त्याची. गाडीवर घोडं अडलं. गाडीचा खर्च कुणी करायचा यावर ताईच्या तोंडून दोघांचा दिवसभर वाद चालला, तेव्हा आई वैतागून म्हणाली, "मग चिरा तीही मधोमध. डावं चाक दादाचं, उजवं धाकट्याचं."

ती चिडून बोलली होती. पण या दोघांनी ते अक्षरशः घेतलं. मी माघार घेतो म्हणायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं, आणि आईचा शब्द म्हटल्यावर दोघांचीही अब्रू राहत होती. डावीकडचं काही बिघडलं तर दादा बघणार, उजवीकडचं बिघडलं तर धाकटा. आरसे, दिवे, दारं, चाकं, सगळं वाटलं गेलं. पुढच्या इंजिनाची आठवण इंजिन स्वतःच ओरडून देतं, त्यामुळे त्याचं तेल दोघं ताईमार्फत अर्धंअर्धं बघत. मी ओरडणारा नव्हे. आणि मी मधोमध.

माझ्या अंगावर दोन बुचं आहेत. जुनं तेल काढायचं खाली, किंचित डावीकडे. नवं घालायचं मागे, किंचित उजवीकडे. हे कारखान्याने सोयीसाठी केलं होतं. आता काढायचं बूच दादाच्या हद्दीत पडलं आणि घालायचं धाकट्याच्या. यापुढे माझ्या तेलाचं काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

तरीही मी निभावून नेलं असतं. पण मग डावं चाक गेलं. एका लांब खिळ्याने टायर असा फाटला की ठिगळाच्या पलीकडे गेला. त्या दिवशी गाडी दादाकडे होती. तो बाजाराजवळच्या आपल्या ओळखीच्या दुकानात गेला आणि म्हणाला, चौदाचा द्या. दुकानदाराने चौदाचा दिला. थोड्याच दिवसांत उजवा टायर फुगवटा धरून बसला. जोडीतला एक बदलला की दुसऱ्याकडेही बघावं, हे कोण कुणाला सांगणार? धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या चकचकीत दुकानात गेला आणि म्हणाला, चौदाचा द्या. त्यानेही चौदाचा दिला.

चौदा म्हणजे चौदा, असं दोघांनाही वाटलं. पण चौदा हे आतल्या लोखंडी चक्राचं माप. त्यावर चढणारं रबर उंच किती, हे टायरच्या बाजूला बारीक आकड्यांत लिहिलेलं असतं आणि ते वाचायलाही वाकावं लागतं. दादाचा टायर उंच, जाडजूड आणि धीमा निघाला. धाकट्याचा बुटका, चपळ आणि उतावळा. माणसं गाडीला चाकंसुद्धा आपल्या स्वभावाची निवडतात की काय, देव जाणे.

तो दिवस मला आठवतो. लाँड्रीच्या दारातून निघालो, गल्लीतली वळणं घेतली, मोठ्या रस्त्याला लागलो. सरळ, लांबलचक रस्ता. मी म्हटलं, चला, आता जरा पाठ टेकू. पण माझी छोटी चाकं थांबेनात. डावं सतरा फेऱ्या मारी तोवर उजव्याला अठरा माराव्या लागत होत्या, कारण त्याचा घेर लहान. रस्ता सरळ असून माझ्यासाठी वळणच चालू होतं. मी डाव्याला म्हणत होतो, तू सावकाश. उजव्याला म्हणत होतो, तू पुढे हो. गाव मागे पडलं, रुग्णालय आलं, गाडी परत फिरली, तरी तेच. घरी पोचलो तेव्हा माझं अंग भाजत होतं. पालथा हात लावायला कुणी आलं नाही.

असे महिने गेले. तेल काळं पडलं, त्यात माझ्याच दातांचा बारीक चुरा मिसळला. मी गुणगुणायला लागलो, म्हणजे कण्हायलाच लागलो. दादा म्हणाला, बारक्याला सांग, त्याच्या बाजूने आवाज येतोय. धाकटा म्हणाला, त्याला म्हणावं, कान तपासून घे, आवाज डावीकडून येतोय. ताईने दोघांचे निरोप दोघांना दिले आणि रेडिओचा आवाज वाढवला. गाडी एका बाजूला किंचित कलून चालायची. सगळी गाठोडी उजवीकडे घसरायची. त्यावरूनही जुंपली. धाकट्याला वाटे, दादा मुद्दाम त्याच्या बाजूला भार टाकतो. दादाला वाटे, धाकट्याला गाठोडी रचता येत नाहीत. बिचारी ताई दोरीने ती पुन्हापुन्हा बांधायची.

ती थकली होती. मला कळायचं, कारण सामान चढवून झालं की ती मागे गाठोड्यांवर, बरोबर माझ्या डोक्यावर येऊन बसायची. तिथे तिला कुणी कुणाला काही सांगायला लावत नसे. तिथूनच एकदा ती फोनवर बोलली. लांबच्या एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयाला धुलाई विभाग सांभाळायला माणूस हवा होता. तिने अर्ज केला होता आणि त्यांनी तिची निवड केली होती. राहायला खोली, हाताखाली माणसं, सगळं होतं. तिने हो म्हणायचं तेवढं बाकी. ती म्हणाली, "मला चार दिवस द्या. घरी जरा सांगायचं आहे." चार दिवसांनी तिने आणखी चार दिवस मागितले.

घरी तिने सांगितलंच नाही. आपण गेलो तर या दोघांचं काय होईल, ही एकच भीती. मी गेलो तर चाकांचं काय होईल, ही भीती मलाही होतीच. म्हणून मीही दात खाऊन चालत राहिलो.

मग तो दिवस आला. रुग्णालयाचं काम दुप्पट होतं, माल उतरवायला माणूस कमी होता, म्हणून दोघं भाऊ एकत्र निघाले. पुढच्या लांब बाकावर तिघं. दादा गाडी चालवत होता, धाकटा खिडकीशी आणि ताई कुठे बसली हे सांगायला नकोच. दादा म्हणाला, बारक्याला सांग, खिडकी लावून घे. धाकटा म्हणाला, दादाला सांग, उकडतंय. ताईचा फोन वाजला. ती हळूच म्हणाली, "हो, आज संध्याकाळी नक्की कळवते. हो, शेवटचं." फोन ठेवून ती समोर बघत राहिली. कुणाचा फोन म्हणून दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

रुग्णालयाच्या अलीकडे एक मोठं वळण आहे. एका शाळेची विटांची भिंत त्याला लागून जाते. तिथपर्यंत मी आलो. वळण सुरू झालं, मी छोट्या चाकांना म्हटलं, फिरा, आणि ती फिरली नाहीत. कोरड्या दांडीवर ती तापून चिकटून बसली होती. दोन्ही चाकांना आता मी सारखंच ओढायला लागलो. टायर किंचाळले, गाडी एक हिसका खाऊन पुढे गेली, माझ्या पोटात काहीतरी कडकन मोडलं आणि आम्ही भिंतीच्या कडेला थांबलो. मला आठवतं, मला बरं वाटलं. किती दिवसांनी मी काहीच करत नव्हतो.

दोघं भाऊ खाली उतरले. दादा डावीकडे गेला, त्याने आपल्या चाकाला लाथ मारली आणि म्हणाला, "माझं ठीक आहे. सांग त्याला." धाकट्याने उजव्या चाकाला लाथ मारली. "माझंही ठीक आहे. सांग त्याला."

ताई बाकावरून हलली नाही. दोघं वाट बघत राहिले. शाळेत कुठेतरी घंटा झाली आणि मुलांचा गलका उठून विरला.

"ताई, सांग ना," धाकटा म्हणाला.

"नाही सांगत."

ती रागावलेली नव्हती. अंगातला जीव गेल्यासारखा तिचा आवाज होता. दोघं बावचळले. शेवटी दादाने मिस्त्रीला फोन केला आणि रुग्णालयालाही. रुग्णालयाची गाडी येऊन गाठोडी घेऊन गेली. ती उतरवून द्यायला ताई मागे आली होती. सगळी गाठोडी नेहमीप्रमाणे उजवीकडे घसरलेली. गाडी रिकामी झाली तरी ती तिथेच उभी राहून शाळेच्या भिंतीकडे बघत होती. विटांच्या ओळी अगदी सरळ होत्या आणि त्यांच्यासमोर गाडीची मागची फळी तिरकी दिसत होती. जन्मभर चादरींची टोकं जुळवलेली बाई ती. तिरकं तिच्या नजरेतून सुटत नाही.

तिने गाठोडं बांधायची दोरी घेतली आणि डाव्या टायरभोवती गुंडाळली. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग आड येत होता, म्हणून मिस्त्रीने येऊन गाडी उचलल्यावर तो वेढा पुरा झाला. दोरीची टोकं जिथे भेटली तिथे तिने खुणेची गाठ मारली. तीच दोरी मग उजव्या टायरला घातली. गाठ पुढे गेली. पाच-सहा बोटं दोरी जास्त उरली. तिने पुन्हा घालून पाहिली, पुन्हा तेवढीच.

मिस्त्री तोवर माझ्याखाली शिरला होता. मला वाटत होतं, बेअरिंग गेलं असेल म्हणेल. आधी तो तेच म्हणालाही, मोठ्या खात्रीने. मग त्याने खालचं बूच उघडलं. तेल आलंच नाही. डांबरासारखं काहीतरी थेंबभर ओघळलं आणि त्यात लोखंडाचा चुरा चमकला. मिस्त्री बाहेर येऊन म्हणाला, "मधला गेला. आणि मीही मूर्ख, इंजिनाचं तेल बदलताना कधी खाली बघितलं नाही."

"दोघं खाली जाऊन बघा," ताई म्हणाली. "वाकून नाही, झोपून. दोघंही."

दादाने आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. धाकट्यानेही आपल्याकडे पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोघं रस्त्यावर बसले आणि दादा डावीकडून, धाकटा उजवीकडून पाठीवर सरकत माझ्याखाली आले. मधोमध मी. कित्येक महिन्यांनी त्यांचे चेहरे एकमेकांच्या एवढे जवळ आले असतील. तिसऱ्याला बोलायला तिथे जागाच नव्हती.

दादा म्हणाला, "याचं तेल तू घालत होतास ना?"

"मी? काढायचं बूच तुझ्या बाजूला आहे. आधी तू काढणार, मग मी घालणार."

"मला वाटलं, तू दोन्ही करतोस."

"मला वाटलं, तू."

दादाने हात वर केला आणि पालथा माझ्या अंगाला लावला. बाबा लावत तसा. मी अजून तापलेलाच होतो. त्याने हात झटकन मागे घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजल्यामुळे आलं असं तो म्हणाला. धाकट्यानेही नाक पुसलं आणि ते काळं करून घेतलं.

बाहेर ताईला त्यांचे फक्त पाय दिसत होते. चार बूट, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. त्या बुटांना उद्देशूनच ती बोलली. कदाचित चेहऱ्यांना सांगणं तिला जमलं नसतं.

"मला नोकरी लागलीय. लांब. आज हो कळवायचं आहे, आणि मी कळवणार आहे."

धाकटा दचकून उठायला गेला आणि त्याचं डोकं माझ्यावर आपटलं. दादा तसाच पडून राहिला. मग तिला लहानपणीच्या नावाने हाक मारत, अगदी लहान मुलासारखं त्याने विचारलं, "चिमे, मग बारक्याला काही सांगायचं असलं तर?"

"तो तुझ्या शेजारी झोपलाय, दादा. त्याला सांग."

ते ऐकून मिस्त्रीला हसू आवरेना. त्याने खोकल्याचं निमित्त केलं आणि पाना शोधायला गेला.

मला मिस्त्रीच्या जागेत नेलं, उघडलं, धुतलं. माझी छोटी चाकं आणि ती दांडी बदलली. मोठी जोडी, एकाच आकड्याची, ती वाचली. तिचा एक दात थोडा दुखावलेला आहे, चढावर तो अजून जरासा कुरकुरतो, पण त्याचं काही वाटत नाही. टायर आणायला दोघं भाऊ एकत्र गेले. कुठल्या दुकानात जायचं यावरून वाटेत भांडले, पण तोंडाने भांडले, समोरासमोर. दुकानात धाकटा म्हणाला, "चौदाचे द्या," आणि दादा म्हणाला, "थांब, चष्मा लावू दे. बाजूचं सगळं वाचतो." जोडी आली. दोन्ही टायरांवर सगळे आकडे सारखे.

ताईला स्टेशनवर सोडायला तीच गाडी निघाली. तिचं सामान एका पेटीत मावलं. पुढे जागा असून ती मागे येऊन माझ्या डोक्यावर बसली. गल्लीतली वळणं आली, मी माझं काम केलं. मग मोठा रस्ता लागला आणि माझी छोटी चाकं हळूच थांबली. डावं आणि उजवं बरोबर चालत होतं. पुढच्या बाकावर दोघांचा टॉवेलांना खळ घालायची की नाही यावर वाद चालला होता. चादरींना घालायची आणि टॉवेलांना नाही, एवढं ठरवायला त्यांना अख्खा रस्ता लागला. ताईने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ती रडत होती की हसत होती, हे पत्र्यातून मला कळलं नाही. तेवढं मला बघायला मिळायला हवं होतं.

आता ती तिकडे आहे आणि मी इथे. वाटणी अजून आहे, घरात दोन दारं आहेत, पण गाडी वाटणीतून निघाली. दादा दर खेपेनंतर कण्हत कण्हत वाकतो आणि हात लावून बघतो. धाकटा माझ्या तेलाची आठवण ठेवतो. मला याहून जास्त नको. तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल. तो तक्रार करणार नाही, त्याचा आवाज आला तर तुम्हाला तो दुसऱ्याच बाजूने आल्यासारखा वाटेल. वळणावर तो तुमच्यासाठी आहेच. रस्ता सरळ असेल तेव्हा त्याला निजू द्या, आणि कधीमधी वाकून हात लावून बघा.

परवा गाठोडी चढवताना ताईचा फोन आला. धाकट्याने आवाज मोठा करून फोन गाडीच्या मागच्या फळीवर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आला. तिकडच्या मशिनांचं, तिच्या खोलीचं, आईच्या गुडघ्यांचं बोलणं झालं. मग तिने विचारलं, "मधला कसा आहे?"

"आत्ताच बघितलं," दादा म्हणाला. "गार आहे."

फोन ठेवायची वेळ झाली होती, तोच धाकटा पुढे वाकून म्हणाला, "आणि आमची मधली?"

दोघं भाऊ फोनवर डोकी टेकवून उभे होते.

"बरी आहे रे," ताई म्हणाली. "हल्ली झोप लागते."